जुने केव्हा मोडावे?

हातातील मोबाइलवर एखादे छायाचित्र उघडावे, बँकेच्या यंत्रातून पैसे काढावेत किंवा रेल्वेचे तिकीट घरबसल्या राखून ठेवावे, अशा साऱ्या व्यवहारांच्या तळाशी एक अदृश्य कारभारी काम करीत असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, आणि तिच्या अगदी आतल्या भागाला कर्नेल हे नाव आहे. कोणत्या कामासाठी प्रोसेसर केव्हा द्यावा, स्मृतीतील कोणती जागा कोणाच्या ताब्यात आहे, कोणती फाइल कोठे ठेवलेली आहे, बाहेरून आलेला संदेश पुढे कोणत्या वाटेने धाडावा, या सर्वांच्या वह्या हे कर्नेल ठेवते. या वह्या एकाच क्षणी अनेकांना पाहाव्या लागतात, आणि अधूनमधून कोणीतरी त्यांत फेरफारही करीत असतो. पाहणाऱ्यांना न अडवता, आणि त्यांची फसगतही होऊ न देता, हा फेरफार कसा करावा, या प्रश्नाने संगणकशास्त्रज्ञांना कित्येक दशके गुंतवून ठेवले आहे.

संगणकात एकच प्रोसेसर होता, तोवर ही अडचण पुष्कळशी आटोक्यात होती. आता साध्या मोबाइलमध्येही बहुधा आठ प्रोसेसर असतात, तर मोठ्या संगणकांत ते शेकड्यांनी मोजावे लागतात. हे सारे प्रोसेसर खरोखरच एका वेळी, एकाच स्मृतीवर काम करीत असतात. समजा, एका नोंदीत दोन ओळी आहेत. लिहिणाऱ्याने पहिली ओळ बदलली आणि दुसरी बदलण्याच्या आत दुसऱ्या प्रोसेसरने ती नोंद वाचली. वाचणाऱ्याच्या हाती अर्धी जुनी आणि अर्धी नवी अशी नोंद येईल. गाव नवे आणि आळी जुनी असा पत्ता पोस्टमनच्या हाती पडावा, तशी त्याची गत होईल. तो पत्ता पूर्वी कधी खरा नव्हता, आणि पुढेही कधी खरा होणार नाही.

अशा चुकीची किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण १४ ऑगस्ट २००३ या दिवशी अमेरिका आणि कॅनडा या देशांनी अनुभवले. त्या दुपारी ओहायो राज्यात वाढलेल्या झाडांना विजेच्या तारा टेकल्या आणि एकेक वाहिनी बंद पडू लागली. नियंत्रणकक्षात त्याची सूचना मिळावयास हवी होती. ती मिळाली नाही. सूचना देणाऱ्या संगणक-कार्यक्रमात दोन प्रक्रियांना एकाच सामायिक नोंदीत एकाच वेळी लिहिण्याची मुभा मिळाली होती, त्यामुळे ती नोंद बिघडली आणि तो कार्यक्रम एकाच जागी फिरत राहिला. तासाहून अधिक काळ कर्मचाऱ्यांना आपल्या पडद्यावरील शांतता खोटी आहे हे कळलेच नाही. सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. या आपत्तीची कारणे अनेक होती, आणि ही चूक कर्नेलमधील नव्हे, तर एका वरच्या कार्यक्रमातील होती, हे खरे. परंतु तिची जात तीच होती.

या दुखण्यावरील पहिले औषध म्हणजे कुलूप. डच शास्त्रज्ञ एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली एका अगदी छोट्या निबंधात हा प्रश्न नेमका मांडला आणि एका वेळी एकालाच प्रवेश मिळेल अशी रीत सिद्ध करून दाखवली. सामायिक वहीच्या खोलीला कुलूप असावे. ज्याच्या हाती किल्ली, त्यानेच आत जावे. इतरांनी दाराशी थांबावे. लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्स या कर्नेलमध्ये १९९६ च्या सुमारास अनेक प्रोसेसरांची सोय झाली, तेव्हा संपूर्ण कर्नेलला मिळून असे एकच मोठे कुलूप घातलेले होते. पुढे त्याच्या जागी खोल्याखोल्यांची लहान कुलपे आली, आणि ते मोठे कुलूप शेवटी २०११ साली कायमचे काढून टाकण्यात आले.

परंतु कुलपालाही त्याचे दोष आहेत. दोघांनी एकेक किल्ली धरून दुसऱ्याच्या किल्लीची वाट पाहिली, तर दोघेही अडकून पडतात. कधी किल्ली धरणारा दुय्यम असतो आणि त्याच्यामुळे श्रेष्ठाचा खोळंबा होतो. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात असेच घडले. हवामानाची नोंद घेणारे कमी महत्त्वाचे काम एक कुलूप धरून बसले. मधल्या दर्जाच्या कामांनी त्याला प्रोसेसर मिळू दिला नाही. आणि त्या कुलपासाठी थांबलेले अधिक महत्त्वाचे काम वेळेवर पुरे न झाल्यामुळे यानाचा संगणक पुनःपुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. पृथ्वीवरून आज्ञा पाठवून हा दोष दूर करावा लागला.

तिसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. केवळ वाचणाऱ्यांना एकत्र आत सोडणारी कुलपेही असतात. पण आत किती वाचक आहेत हा आकडा कोठेतरी लिहावाच लागतो. म्हणजे वाचणारासुद्धा त्या आकड्यापुरता लिहिणारा ठरतो. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका पडतो तेवढ्या वेळात प्रकाशदेखील सुमारे १० सेंटिमीटरच पुढे जातो. इतक्या वेगवान यंत्राला एका आकड्याची प्रत दुसऱ्या प्रोसेसरकडून आणण्यासाठी शेकडो ठोके वाट पाहावी लागू शकते. दहा हजार वेळा वाचली जाणारी आणि एकदा बदलणारी नोंद असेल, तर त्या एका बदलासाठी दहा हजार वेळा दारावर सही करावी लागते. सर्वांनी सही करावयाची ती वही मात्र एकच असते.

तेव्हा वाचणाऱ्यासाठी कुलूपच नसावे, अशी कल्पना पुढे येणे साहजिक होते. तिची पहिली पायरी सोपी आहे. चालू नोंदीत खाडाखोड करू नये. तिची नवी प्रत तयार करावी, तीत हवा तो बदल करावा आणि मग नोंदीचा पत्ता तेवढा एका झटक्यात बदलावा. पत्ता एकच शब्द असल्यामुळे तो अर्धवट बदलत नाही. वाचणाऱ्याला एक तर पूर्ण जुनी नोंद मिळते किंवा पूर्ण नवी. अर्ध्याकच्च्या नोंदीचे भय येथे संपते.

मात्र त्याच जागी दुसरे भय उभे राहते. जुन्या नोंदीचे काय करावयाचे? ती तशीच ठेवत गेल्यास स्मृती भरून जाईल. ती लगेच मोडून ती जागा दुसऱ्याला दिली, तर पत्ता बदलण्यापूर्वीच जो वाचक आत शिरला होता, त्याच्या पायाखालची जमीन जाईल. तो नोंद वाचतो आहे अशा समजुतीने कोणा परक्याचाच मजकूर वाचेल. याचा आणखी एक फसवा प्रकार आहे. मोडलेल्या घराच्या जागी त्याच पत्त्यावर दुसरे घर उभे राहते. वाचणारा पत्ता ताडून पाहतो, तो जुळतो, आणि काहीच बदलले नाही असे तो समजतो. सारांश, कुलपाशिवाय वाचण्याचा खरा पेच बदल कसा करावा हा नाही. जुने केव्हा मोडावे, हा आहे.

हा पेच एका दृष्टान्ताने उलगडेल. वारीच्या वाटेवर एक जुनी धर्मशाळा आहे असे समजू. तिच्या जागी दुसरीकडे नवी बांधावयाची आहे. फाट्यावर दिशा दाखविणारी एक पाटी आहे. कारभाऱ्याने आधी नवी धर्मशाळा पुरी बांधली आणि मग पाटी फिरवली. त्या क्षणापासून येणारी प्रत्येक दिंडी नव्या धर्मशाळेकडे वळेल. परंतु पाटी फिरण्यापूर्वी जे वारकरी जुन्या धर्मशाळेत उतरले, ते अजून तेथे आहेत. त्यांना उठवावयाचे नाही आणि त्यांच्या डोक्यावरचे छप्परही काढावयाचे नाही. ते गेल्याचे ओळखावे कसे? दारावर नावांची वही ठेवली, तर पुन्हा तीच गर्दी आणि तोच खोळंबा. कारभारी चतुर आहे. दिंडीचा नियम त्याला ठाऊक आहे: दिंडी एकत्र उतरते, एकत्र निघते, आणि मुक्काम हलल्यावर मागे कोणी रेंगाळत नाही. म्हणून तो दारावर कोणालाही काही विचारीत नाही. तो रस्त्यावर उभा राहतो. पाटी फिरवल्यानंतर प्रत्येक दिंडी एकदा तरी रस्त्याने चालताना दिसली, की जुन्या धर्मशाळेत कोणी उरलेले नाही हे निश्चित झाले. नंतर ती दिंडी नव्या धर्मशाळेत जाऊन झोपली तरी त्याला पर्वा नाही. आता जुनी वास्तू खुशाल उतरवावी.

लिनक्सच्या कर्नेलमध्ये ही रीत रीड-कॉपी-अपडेट, संक्षेपाने आरसीयू, या नावाने ओळखली जाते. दृष्टान्तातील दिंडी म्हणजे येथे प्रोसेसर, आणि पाटी म्हणजे नोंदीचा पत्ता. वाचन चालू असताना वाचकाने झोपू नये, म्हणजे प्रोसेसर सोडू नये, हा मूळ नियम. त्यामुळे एखादा प्रोसेसर हातातील काम ठेवून दुसऱ्या कामाकडे वळलेला दिसला, की त्याचे आधीचे वाचन संपले, असा निष्कर्ष निघतो. सर्व प्रोसेसर एकेकदा असे वळेपर्यंतच्या काळाला ग्रेस पीरियड, म्हणजे सवलतीचा अवधी, म्हणतात. तो उलटला की जुनी नोंद मोडावयाची. चालू काम मध्येच थांबवू न देणाऱ्या कर्नेलमध्ये वाचकाला आत शिरताना आणि बाहेर पडताना यंत्राची एकही जादा आज्ञा खर्च करावी लागत नाही. जेथे तशी मुभा असते, तेथे वाचकाला आपल्यापुरती एक छोटी नोंद ठेवावी लागते, पण तीही इतरांशी सामायिक नसते. सगळा भार लिहिणाऱ्यावर पडतो. तो थांबतो किंवा जुने मोडण्याचे काम मागे सोपवून पुढे जातो.

या विचारास मोठा पूर्वेतिहास आहे. वाचक असेपर्यंत जुना भाग राखून ठेवावा, ही कल्पना एच. टी. कुंग आणि फिलिप लेमन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडली होती. १९९० नंतरच्या दशकात सीक्वेंट या अमेरिकन कंपनीत पॉल मॅकेनी आणि जॉन स्लिंगवाइन यांनी तिला अनेक-प्रोसेसरी कर्नेलमध्ये व्यावहारिक रूप दिले आणि १९९८ साली त्यावर निबंध लिहिला. १९९९ साली आयबीएमने सीक्वेंट विकत घेतली, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये ही रीत लिनक्समध्ये समाविष्ट झाली. त्या कामात आयबीएमच्या भारतातील प्रयोगशाळेचे दीपंकर सरमा यांचा वाटा मोठा होता, ही गोष्ट भारतीय श्रोत्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मोबाइलमधील अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सच आहे, आणि जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक २०१७ सालापासून लिनक्सवर चालतो. त्यावरून या रीतीचा विस्तार किती झाला असेल याचा अंदाज येतो.

तिचा उपयोग कसा होतो, याचा एक दाखला देता येईल. कोणतीही फाइल उघडताना कर्नेलला मुळापासून एकेक फोल्डर ओलांडत तिच्यापर्यंत पोहोचावे लागते. मूळ फोल्डरवरून सर्वांचीच ये-जा असते. पूर्वी प्रत्येक जाणारा तेथील आकड्यात स्वतःची भर घालीत असे, आणि सारे प्रोसेसर त्या एका आकड्यासाठी ताटकळत. मार्च २०११ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून ही वाट काहीही न लिहिता चालण्याची सोय झाली. वाटेत काही बदलल्याचे आढळले, तर वाचणारा मुकाट्याने मागे येतो आणि जुन्या, सावकाश रीतीने पुन्हा जातो.

या रीतीत क्रमाला फार महत्त्व आहे. नवी धर्मशाळा पुरी होण्याआधी पाटी फिरवली, तर यात्रेकरू उघड्या माळावर जाऊन पोहोचतील. माणसाच्या बाबतीत ही चूक चटकन दिसते. यंत्राच्या बाबतीत दिसत नाही. वेग वाढावा म्हणून आधुनिक प्रोसेसर आणि कंपायलर आज्ञांचा क्रम मागेपुढे करतात. कार्यक्रमात आधी बांधकाम आणि मग पाटी असे लिहिलेले असले, तरी इतर प्रोसेसरांना आधी पाटी दिसू शकते. म्हणून पाटी फिरविण्याच्या जागी येथे क्रम मोडू नये अशी स्पष्ट ताकीद द्यावी लागते. १९९२ साली जाहीर झालेल्या अल्फा नावाच्या प्रोसेसरच्या बाबतीत तर वाचणाऱ्यालाही अशी ताकीद लागे. कारण नवा पत्ता हाती येऊनही त्या पत्त्यावरचा जुनाच मजकूर त्याला दिसण्याचा संभव होता.

नियम कितीही सुंदर असला, तरी तो सर्वांनी पाळला तरच आधार देतो. डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या ६.१ या आवृत्तीत, कोणत्या कामाच्या ताब्यात स्मृतीचा कोणता भाग आहे याची नोंद ठेवण्यासाठी मेपल ट्री नावाची नवी रचना आली. जुन्या नोंदी मोडण्याआधी ती आरसीयूच्या रीतीप्रमाणे थांबत असे. परंतु त्या नोंदी वाचणारे काही वाचक आरसीयूचे वाचक म्हणून आत गेलेलेच नव्हते. त्यांच्या हाती निराळेच, केवळ वाचकांसाठीचे कुलूप होते. आणि एका विशिष्ट प्रसंगी तेवढेच कुलूप हाती ठेवून नोंदींत फेरफारही होत असे. मोडणारा इमानाने थांबत होता, पण ज्या दिंड्यांची तो वाट पाहत होता, त्यांत या वाचकांची गणना नव्हती. छप्पर उतरले तेव्हा ते आतच होते. या फटीतून यंत्रावरील एखाद्या सामान्य वापरकर्त्याला संपूर्ण यंत्राचा ताबा घेता येण्याजोगा होता. स्टॅकरॉट या नावाने हा दोष जुलै २०२३ मध्ये जाहीर झाला आणि त्याच सुमारास दुरुस्तही झाला. दुरुस्तीचे सार असे की, त्या प्रसंगी फेरफार करणाऱ्याने लिहिणाऱ्याचे पुरे कुलूप घेतलेच पाहिजे.

म्हणून कुलूप नाही याचा अर्थ शिस्त नाही असा करणे घातक ठरते. या रीतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. लिहिणारे अनेक असतील, तर त्यांनी आपापसांत कुलूप वापरलेच पाहिजे. आरसीयू त्यांचा तंटा सोडवीत नाही. वाचणाऱ्याला क्षणभर जुनी नोंद मिळू शकते. संदेश कोणत्या वाटेने धाडावा या नोंदीत ते चालते, कारण बाहेरच्या जगातील बातमी तशीही थोडी उशिराच आलेली असते. खात्यातील शिल्लक पाहून पैसे देण्याच्या कामी मात्र ते चालणार नाही. आणि एखादा वाचक आतच रेंगाळला, तर त्याच्यासाठी राखलेल्या जुन्या नोंदींचे ढीग साचत जाऊन स्मृती संपू शकते. त्यासाठी लिनक्स पहारा ठेवते: एखादा प्रोसेसर साधारणपणे २१ सेकंद अडून राहिला, तर तशी तक्रार नोंदवहीत लिहिली जाते. संगणकाच्या मानाने २१ सेकंद म्हणजे एक युगच होय.

या साऱ्या खटपटीतून हाती येणारे तत्त्व साधे आहे. एखादी गोष्ट चलनातून काढणे आणि ती नष्ट करणे, या दोन क्रिया एक नव्हेत. पहिली एका क्षणात करता येते. दुसरीसाठी, पहिलीच्या वेळी जे आत होते ते सारे सुखरूप बाहेर पडेपर्यंत थांबावे लागते. वाचणाऱ्यांना मिळणारी मोकळीक ही मोडणाऱ्याच्या धीरातून आलेली असते. कर्नेल लिहिणारे अभियंते म्हणूनच नव्या नोंदीची प्रत किती चपळाईने तयार झाली याची जितकी तपासणी करतात, त्याहून अधिक बारकाईने एक प्रश्न विचारतात: जुनी नोंद मोडताना नेमकी कोणाकोणाची वाट पाहिली, आणि ज्याची पाहावयास हवी होती असा कोणी राहून तर गेला नाही ना?